अर्धा टँकर

आमच्या चंदनसारच्या बिल्डिंगला नळ होते, पाणी नव्हतं. बिल्डरनं स्वयंपाकघरात, मोरीत, अगदी गॅलरीतसुद्धा चकचकीत नळ बसवून दिले होते आणि आई ते दर रविवारी फडक्यानं पुसायची. पुसताना म्हणायची, "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा." नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. बाबा विरारच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. परळच्या चाळीतून रोज उलटा प्रवास करून ते कंटाळले होते, म्हणून चाळीतली खोली सोडून आम्ही इथं स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. घर मालकीचं झालं आणि पाणी टँकरचं.

टँकर अख्खा आम्हांला झेपायचा नाही. जमिनीखालची टाकी बिल्डरनं नकाशात दाखवली होती त्याच्या निम्मीच बांधली होती. पूर्ण टँकर ओतला असता तर अर्धं पाणी गटारात गेलं असतं. तलावापलीकडच्या एका बिल्डिंगचंही हेच रडगाणं होतं, म्हणून दोन्ही बिल्डिंगांनी मिळून एक टँकर घ्यायचा असं ठरलं. आधी आमच्याकडे अर्धा रिकामा करायचा, मग उरलेला अर्धा त्यांच्याकडे. यात एकच भानगड होती. मधल्या रस्त्यावर तहानलेल्या बिल्डिंगा काही कमी नव्हत्या आणि उरलेला अर्धा टँकर वाटेतच तिसऱ्याच्या टाकीत उतरायचा. तलावापलीकडचे म्हणायचे तुम्ही जास्त घेतलं, आमचे म्हणायचे तुम्ही खोटं बोलता. दोनदा तर हमरीतुमरीवर आलं. शेवटी तोडगा निघाला की आमच्यातल्या एकानं ड्रायव्हरच्या शेजारी बसून जायचं आणि पाणी त्यांच्या टाकीत पडेपर्यंत हलायचं नाही. त्याला सगळे 'टँकरवर बसणं' म्हणायचे. पाळ्या लावल्या होत्या, पण मे महिना आला की सगळ्यांच्या पाळ्या बाबांकडे यायच्या, कारण मास्तरांना सुट्टी. आई चिडायची. "शाळेला सुट्टी असते, यांना कधी असते?" बाबा हसून चपला घालायचे.

खरं तर त्यांना ते आवडायचं. वर्षभर पोरांपुढे उभं राहणाऱ्या माणसाला उंच केबिनमध्ये बसून गाव बघत जायला मजा वाटत असावी. ड्रायव्हर कामणकडच्या एका खेड्यातला होता, तिशीच्या आतला, लग्न न झालेला. गळ्यात लाल रुमाल, तोंडात सतत काहीतरी चघळत असायचा. विहीर त्याच्याच गावाजवळची. बाबा केबिनमध्ये चढले की तो म्हणायचा, "मास्तर, पानी मोजून घ्या हां. नाय तर म्हनाल, ड्रायव्हरनं पिऊन टाकलं." बाबा त्याला विचारायचे, दहावी का सोडलीस. तो म्हणायचा, तुमच्यासारखे मास्तर भेटले म्हणून. दोघांचं असं बरं जमलं होतं.

बाबांचा शाळेतला आवडता धडा वर्तुळाकार गतीचा. दरवर्षी तो धडा आला की ते मैदानात अर्धी भरलेली पाण्याची बादली आणायचे आणि हात ताठ करून ती डोक्यावरून गरागरा फिरवायचे. थेंब सांडायचा नाही. मी खालच्या वर्गात होते तेव्हा खिडकीतून ते बघायचे आणि शेजारणीला कोपरानं ढोसून सांगायचे, ते माझे बाबा. मग ते मोठ्या मुलांना बादली फिरवायला लावायचे. "जोरात फिरव. अजून जोरात. आता सांग, हाताला काय वाटतंय?" मुलं म्हणायची, सर, खांदा उपटून येतोय.

मग प्रश्न. वेग दुप्पट केला तर ओढ किती पट होईल? सगळे एका सुरात म्हणायचे, दुप्पट. बाबांना हे चुकीचं उत्तर इतकं आवडायचं की कुणी बरोबर सांगितलं असतं तर ते हिरमुसले असते. "चारपट!" ते टाळी वाजवून म्हणायचे. आणि समजावायचे. सरळ जाणारी वस्तू सरळच जाऊ पाहते. तिला वळवायचं म्हणजे क्षणोक्षणी तिची दिशा बदलायची, आणि दिशा बदलणं म्हणजेसुद्धा त्वरण, वेगाचा आकडा तोच राहिला तरी. आता वेग दुप्पट केलात तर वळवायचा वेग दुप्पट झाला, ही एक गोष्ट. आणि तेच वळण निम्म्या वेळात घ्यावं लागलं, ही दुसरी. दोनदा दुप्पट, म्हणून चारपट. तिप्पट वेग केलात तर नऊपट. मुलांनी त्यांचं नाव चारपट सर पाडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना त्याचा छुपा अभिमानही होता.

त्या मे महिन्यात सकाळी अकराला लाइट जायची. भारनियमनाचं वेळापत्रक बाकी कशाला नाही तरी त्या अकराला पक्कं धरून होतं. लाइट गेली की पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे टँकरचं पाणी खालच्या टाकीत पडून राहणार, वरच्या मजल्यांवरच्या बायका हंडे-कळश्या घेऊन जिने चढणार. त्या दिवशी टँकर उशिरा आला. आमच्याकडे अर्धा उतरवून होईतो पावणेअकरा झाले. बाबा केबिनमध्ये चढले. मी खाली पाइप गुंडाळायला उभी होते, माझ्या अंगावर पाणी उडालं म्हणून ड्रायव्हर हसला. टँकर गेला. पुढचं मी पाहिलेलं नाही. बाबांनी सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे.

तलावाशी रस्ता डावीकडे वळतो. वळणाच्या आत तलाव, बाहेरच्या बाजूला शेताचा उतार. वळणाच्या अलीकडे बाबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "लाइट जायच्या आत पोचायला पाहिजे रे, जरा पाय दाब." ड्रायव्हर म्हणाला, "दाबतो की." इंजिनाचा आवाज चढला. मग मागून पाण्याचा एक दणका ऐकू आला आणि गाडी उजवीकडे कलली. आडवी होताना तिनं अजिबात घाई केली नाही, असं बाबा सांगायचे. ड्रायव्हरची बाजू खाली गेली. बाबा वरून त्याच्या अंगावर पडले. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. ड्रायव्हर अर्धा खिडकीबाहेर होता. लोक धावत आले, त्यांनी बाबांना आधी बाहेर काढलं, कारण ते वर होते. त्याला काढेपर्यंत तो गेला होता.

हॉस्पिटलात जो तो येऊन एकच सांगत होता. तो ड्रायव्हर आडदांडच चालवायचा. सर, तुमचं नशीब बलवत्तर म्हणून वाचलात. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा बाबा म्हणाले, "मी त्याला घाई करायला सांगितलं." हवालदार बिचारा वयानं मोठा होता, त्याची मुलगी बाबांच्या वर्गात शिकून गेली होती. तो म्हणाला, "सर, असं सांगायचं नसतं. गेलेल्याला काय फरक पडतो?" आणि त्यानं लिहिलं की चालकानं भरधाव आणि निष्काळजीपणे वाहन चालवलं. बाबांनी डाव्या हातानं सही केली, उजवा झोळीत होता. सही वेडीवाकडी आली. घरी आल्यावर ते त्या सहीबद्दलच बोलत राहिले.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एका दुपारी ते मला म्हणाले, चल. शाळेच्या क्रीडासामानातली लांब फीत त्यांनी आणली होती. आम्ही तलावापाशी गेलो. मला वळणाच्या एका टोकाला उभं केलं आणि फीत घेऊन ते दुसऱ्या टोकाला गेले. मग वळणाचा मधला फुगवटा किती ते मोजलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एका बाईनं मला विचारलं, रस्ता रुंद करणार का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि बाप भर रस्त्यात, हात झोळीत घालून, अपघाताची जागा मोजत होता. मी फीत धरून खाली मान घालून उभी राहिले.

घरी येऊन त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेलेल्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. वळणाची त्रिज्या निघाली. टँकर भरलेला असता तर, रिकामा असता तर आणि अर्धा असता तर, असे वेगवेगळे हिशेब. गच्च भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला चढतं आणि गाडीला त्याच बाजूला लोटतं. आम्ही दोन बिल्डिंगांनी मिळून दर दिवसाआड हीच अवस्था मुद्दाम तयार करत होतो, आणि वर तिच्यावर एक माणूस बसवत होतो. इतकी वर्षं अर्धी बादली फिरवणाऱ्या माणसाला हे केबिनमध्ये एकदाही सुचलं नव्हतं. ते म्हणाले, "सुचायला काय हरकत होती? मला सगळं येत होतं."

गणितातून एवढं निघालं की गाडी रोजच्या चालीनं गेली असती तर अर्ध्या टाकीनिशीही उलटली नसती. त्याच्या दुप्पट वेगानं नक्की उलटली असती. पण त्या दिवशी वेग किती होता? केबिनमधला वेगाचा काटा कधीचाच बंद पडला होता, तो शून्यावर पडून असायचा. बाबांकडे होता फक्त इंजिनाचा आवाज. तो चढला, हे त्यांच्या कानात होतं. किती चढला, हे आकड्यात येत नव्हतं. थोडाच चढला असेल तर त्या बोलण्यानं काही झालं नाही, दोष अर्ध्या पाण्याचा आणि नशिबाचा. दुप्पट चढला असेल तर बाबांनी एक माणूस मारला. त्यांना एवढंच कळून घ्यायचं होतं आणि ते कळायला मार्ग नव्हता. पानं फाडली जात राहिली. शेवटी आईनं एक दिवस ती सगळी गोळा करून बंबात घातली आणि म्हणाली, "हे सोडवलंत म्हणून तो उठून येणार आहे का?"

त्यानंतर ते ड्रायव्हरच्या घरी गेले. मला बरोबर का नेलं ते मला आजही सांगता येत नाही, बहुधा एकट्याचा पाय निघत नसावा. कामणच्या रस्त्याला गोदामं संपली की आत एक कच्ची वाट जात होती. घरात त्याची आई होती. तिनं आम्हांला ओट्यावर बसवलं आणि तांब्या पुढे केला. बाबांनी आपण कोण ते सांगितलं. ती बराच वेळ त्यांच्या खांद्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "पानी सगळं सांडलं का?"

"हो," बाबा म्हणाले. "सगळं."

"आमच्या हिरीचं व्हतं."

बाबांनी मान हलवली. मग ते एका दमात बोलले, की गाडी पळवायला मीच सांगितलं होतं, लाइट जाणार होती म्हणून. मी पायाच्या अंगठ्यानं ओट्याचं शेण उकरत बसले होते. मला वाटलं ती आता रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा बायका म्हणतात तसं म्हणेल की तुमचा काय दोष, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. यातलं काहीच झालं नाही. तिनं शांतपणे विचारलं, "मग आता मी काय करू त्याचं? तुम्ही सांगून मोकळे व्हाल, मास्तर. मी कुनाला सांगू?"

बाबा उठले. त्यांनी तिला हात जोडले आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर ते झपाझप चालत होते, मला पळावं लागत होतं. हमरस्त्याला लागल्यावर एकदम थांबले, मी मागे राहिले हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मग एस. टी. येईपर्यंत ते माझा हात धरून उभे राहिले. मी लहान नव्हते, मला लाज वाटत होती, पण हात सोडवून घेतला नाही.

त्या वर्षी मी नववीत, त्यांच्याच वर्गात. तो धडा आला. बादली आली नाही, आम्ही मैदानातही गेलो नाही. त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिलं, त्याची फोड केली, उदाहरण सोडवून दाखवलं. सगळं नीट, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग वळून नेहमीचा प्रश्न विचारला. वेग दुप्पट केला तर? वर्गात कुणीही दुप्पट म्हणालं नाही. सगळ्यांना अपघात ठाऊक होता, आणि सगळ्यांनी, अगदी मागच्या बाकावरच्या टवाळांनीसुद्धा, हलक्या आवाजात बरोबर उत्तर दिलं. बाबा म्हणाले, "बरोबर. लिहून घ्या." चारपट सर हे नाव त्यानंतर कुणी घेतलं नाही. त्यांना चिडवणारं कुणी उरलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर बाबांनी आयुष्यात कुणालाही घाई केली नाही. ऐकायला हे साधुसंताचं लक्षण वाटतं. ज्यांना त्यांच्याबरोबर राहायचं होतं त्यांनाच विचारा. रिक्षात बसले की पहिलं वाक्य, हळू. लग्नाला निघायचं तर आई पैठणी नेसून दारात ताटकळत उभी आणि हे सावकाश चपलेचा पट्टा लावतायत. मावशीच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडून पंगत बसली तेव्हा आम्ही पोचलो. माझ्या मुलाखतीच्या दिवशी मी रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, लवकर, तर बाबा शेजारून म्हणाले, दादा, तिचं ऐकू नका. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. आई म्हणायची, एक माणूस गेला आणि दुसरा अर्धा राहिला. पुढे धरणाचं पाणी नळाला आलं, बिल्डिंगखाली टँकर यायचे थांबले. सगळे पेढे वाटत होते. बाबांनी पेढा खाल्ला, नळ सोडला, बंद केला आणि आत जाऊन पडून राहिले.

ते निवृत्त झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारी जेवताना त्यांच्या छातीत कळ आली. घामानं सदरा भिजला. जवळच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात हलवा, आत्ताच्या आत्ता. अँब्युलन्स मिळाली. बाबा आडवे, आई त्यांच्या डोक्याशी, मी पायाशी. ड्रायव्हर विशी-बाविशीतला, भोंगा वाजवत निघाला. तुळिंजच्या बाजारात गर्दीनं अडलो, तिथून सुटलो, आणि पुढे रस्ता मोकळा मिळाला तसा त्यानं वेग घेतला. पहिल्याच वळणाला आम्ही तिघं एका बाजूला सरकलो. बाबांनी तोंडावरचा मास्क हातानं बाजूला केला.

"हळू सांग त्याला."

"अहो, काय बोलताय?" आई ओरडली. "दादा, यांचं काही ऐकू नका. पळवा. जोरात पळवा."

बाबा आईकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. "वळणं आहेत पुढे," ते म्हणाले. "माझ्यासाठी नको. कुणी घाई करायची नाही." श्वास पुरत नव्हता तरी एवढं बोलले. मला त्यांचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांत आला नव्हता एवढा. ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं. आई आणि बाबा दोघांचंही बोलून झालं होतं, आता त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं. "ताई, काय करू?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "हळू घ्या."

त्यानं गाडी हळू घेतली. बाबांनी मास्क परत लावू दिला आणि डोळे मिटले. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर उतरवलं तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टरांना आईनं विचारलं, दहा मिनिटं आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, ते आता सांगता येणार नाही. तरुण डॉक्टर होते, त्यांना तेवढं सांगून पुढच्या पेशंटकडे जायचं होतं.

आईनं मला कधी दोष दिला नाही. पण बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, पानं वाढताना, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तू त्यांचं का ऐकलंस?" तिला खरंच उत्तर हवं होतं. मी भाताची मूद पाडत राहिले आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.